खाली कोन झोपते?

अकोटच्या त्या पत्र्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की काकू त्याला आधी पाणी देत, आणि मग विचारत, "खाली कोन झोपते?"

नवीन माणूस गोंधळायचा. तो छपरासाठी पत्रे घ्यायला आलेला असे, त्यात झोपण्याचा विषय कुठून निघाला हे त्याला कळत नसे. मग काकू समजावून सांगत, की छप्पर कडब्यावर घालायचं असेल तर पातळ पत्रा चालतो, बैलांवर घालायचं असेल तर त्याहून बरा लागतो, आणि खाली माणसं निजणार असतील तर काकू सांगतील तोच न्यावा लागतो. "कडब्यावर पत्रा पडला तं कडबा रडत नाई," असं त्या म्हणत. त्यानंतर बाकीची चौकशी. घराजवळ झाड कोणतं? वांदरं येतात का, आणि आली तर किती? मिरच्या वाळवायला वर कोण चढतं, सून की सासू, आणि तिचा बांधा कसा आहे? बाजूंना भिंती आहेत की चारी अंगांनी वारा? आडव्या पाइपांत अंतर किती? या शेवटच्या प्रश्नावर सगळं अवलंबून असे आणि त्याचंच उत्तर लोकांना ठाऊक नसे. काकू त्यांना सुतळीचा तुकडा देऊन परत पाठवत. तेवढ्या अंतरावर गाठ मारून आन, म्हणत. पणज-बोर्डीकडून एसटीने आलेला माणूस हातात सुतळी घेऊन तसाच परत जायचा. काही जण रागावून समोरच्या दुकानात जात. काकूंना त्याचं काही वाटत नसे.

मी त्यांचा भाडेकरू होतो. दुकानामागे एक खोली होती, तिथे चार वर्षं राहिलो. मी वलगावचा. अकोटला एका खाजगी संस्थेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो आणि आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होतो. काकूंचं वय तेव्हा साठीच्या आसपास असेल. नवरा तापाने गेल्यावर दुकान बंद करायचं सोडून त्या स्वतःच येऊन बसल्या, त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. बसायच्या त्या खुर्चीवर नाही. दुकानात दोन खुर्च्या होत्या, त्या गिऱ्हाइकांसाठी. काकू पत्र्यांच्या थप्पीवर सतरंजीची घडी टाकून त्यावर मांडी घालून बसत. पत्र्यांच्या धारांनी त्यांच्या बोटांवर इतक्या बारीक रेघा ओढल्या होत्या, की रेशनच्या दुकानातलं यंत्र त्यांचा अंगठा ओळखायचं नाही. दर महिन्याला तिथे वाद. अंगठा पुसून लावा, ओला करून लावा, दुसरा लावा. शेवटी एकदा त्या दुकानदाराला म्हणाल्या, "माह्या हाताचे ठसे माह्या पत्र्यावर हायेत. तिकडून घेऊन ये."

त्यांच्या गळ्यात काळ्या गोफात एक यंत्र अडकवलेलं असे. आम्ही शाळेत ज्याला स्क्रू गेज म्हणतो, तेच. त्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा, म्हणून काकू त्याला नालच म्हणत. पत्र्याची जाडी त्या नालेत धरून मोजायची आणि आकडा गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला लावायचा, हा त्यांचा नेम. जुने मिस्त्री गेजच्या नंबरात बोलत. त्यात नंबर वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो. साध्या माणसाला वाटतं, अठ्ठावीस म्हणजे चोवीसपेक्षा चांगला असेल. काकूंना त्या नंबरांचा भारी राग. हे लबाडाचं माप आहे म्हणत. त्या मिलिमीटरमध्येच बोलत. पॉइंट पन्नास म्हणजे अर्धा मिलिमीटर, पॉइंट पस्तीस म्हणजे त्याहून पातळ. त्यातही रंग वेगळा धरायचा. कारखानेवाले रंगासकट जाडी लिहितात, हे त्या प्रत्येकाला सांगत. रंगावर काही वांदर उभं राहत नाही.

उन्हाळ्याच्या दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या काहीही मोजत. पापड मोजत, माझ्या चष्म्याची काच मोजत, बसचं तिकीट मोजत. लग्नसराईत आलेल्या पत्रिका एकीकडे ठेवून त्यांचीही जाडी बघत आणि कुठल्या लग्नात जेवण कसं असेल ते सांगत. एकदा पत्रिका चांगलीच जाड निघाली तेव्हा म्हणाल्या, वरण पातळ असंन. आम्ही दोघं त्या लग्नाला गेलो. वरण खरंच पातळ होतं. जेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण खांदे हलत होते.

जास्त जाड पत्रा विकतात म्हणून त्यांना कोणी नावं ठेवील, तर तसंही नव्हतं. पातूरकडचा एक सधन माणूस मुलीच्या लग्नाआधी गोठा नवा करायला आला होता. त्याला दुकानातला सर्वांत जाड पत्रा हवा होता, पाव्हणे येणार म्हणून. काकूंनी विचारून घेतलं तेव्हा कळलं, गोठ्याच्या लाकडी बल्ल्या वीस वर्षांपूर्वीच्या. त्यांनी साफ सांगितलं, की हा भार त्या बल्ल्या झेलणार नाहीत, मधला पत्रा ने. माणूस म्हणाला, मी मागतो ते द्या. काकू म्हणाल्या, देत नाही. तो तसाच गेला. मी त्यांना म्हटलं, एवढं मोठं गिऱ्हाईक सोडलंत. काकू समोरची धूळ फडक्याने झटकत राहिल्या.

एका रविवारी मी सहज ती नाल हातात घेतली. माझा तो शिकवण्याचा विषय. दोन्ही तोंडं मिटवली तर आकडा शून्यावर यायला हवा, तो यायचा नाही. नाल प्रत्येक वस्तू जरा जास्तच जाड दाखवत होती. फरक केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असेल. मी हसत हसत काकूंना दाखवलं. त्यांनी ती तीनदा मिटवून पाहिली आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं.

दोन दिवस दुकान बंद होतं. काकूंनी नाल नीट करून आणली, आतला सगळा माल पुन्हा मोजला, आकडे मी लिहून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, की आमच्या मापात चूक होती, ज्यांनी इथून पत्रे नेले त्यांनी येऊन भेटावं. पुठ्ठा बाहेर टांगला. मी समजावलं, की या फरकाने कोणाचं छप्पर उडणार नाही, लोक उगीच संशय घेतील. काकू म्हणाल्या, "मास्तर, मी लोकायच्या डोळ्यानं वाचून घेतो ना? मंग त्यायचा डोळा खोटा ठरला. माह्यामुळं." पुठ्ठा महिनाभर लटकत होता. एक म्हातारे तेवढे आले, तेही आत काय चाललंय ते बघायला. त्यांना चहा पाजून पाठवलं.

हे सगळं मी पाहिलं होतं. पुढे जे झालं ते सांगताना हे मला विसरता येत नाही.

माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. त्यानंतर कायम मान्यता मिळते, आणि तो कागद संस्थेच्या सचिवांच्या सहीने पुढे जातो. त्याच वर्षी शाळेत पोषण आहारासाठी शेड बांधायचं ठरलं. पोरं चिंचेखाली बसून खिचडी खात, वरून वांदरं उतरत. शेडचे पत्रे सचिवांच्या नात्यातल्या कोणाकडून आले. मागणी पॉइंट पन्नासची होती. माल तपासून घेतल्याच्या कागदावर विज्ञान शिक्षकाची सही हवी, असं ठरलं, आणि मुख्याध्यापकांनी तो कागद माझ्याकडे दिला.

मी मधल्या सुट्टीत घरी येऊन काकूंची नाल मागून नेली. तेव्हा ती नीट करून आणलेली होती. मैदानात थप्पी लागली होती. मी चार पत्रे चार ठिकाणी मोजले. रंगासकट पॉइंट चौतीस भरलं. पुन्हा मोजलं, तेवढंच. मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी दार लोटलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, की तुमची फाइल याच महिन्यात सचिवांकडे गेली आहे, पोरांनी बसून जेवायचं आहे, वर कोणाला नाचायचं आहे? मी तासभर स्टाफरूममध्ये बसलो. नंतर सही केली.

संध्याकाळी नाल परत दिली तेव्हा काकूंनी विचारलं, "किती भरलं?"

"पन्नास," मी म्हणालो.

"रंगासकट का रंग सोडून?"

"रंगासकट."

त्यांनी मान डोलावली. मग चालते, म्हणाल्या, फक्त पाइप जवळ जवळ टाकायला सांगा. माझं काम विज्ञानाचं, म्हणून त्यांनी स्वतः मोजायला येण्याचा विषयही काढला नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्या शाळेत येऊन उभ्या राहिल्या असत्या. पाइप जवळ जवळ टाकायचं मी कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का, असं विचारलं असतं.

दिवाळीनंतरचा एक शनिवार. सकाळची शाळा सुटली होती, पोरं गेली होती. चिंचेची एक फांदी शेडवर मोडून पडली होती आणि पाला पन्हाळीत अडकला होता. मुख्याध्यापकांनी शिपायाला वर चढून काढायला सांगितलं. सुखदेव त्याचं नाव. माझ्याच वयाचा, उंचापुरा, शाळेच्या मैदानावर पोरांना कबड्डी शिकवायचा. शिडी लावून तो वर गेला. दोन पाइपांच्या मधोमध त्याचा पाय पडला तेव्हा पत्रा कागदासारखा दुमडला आणि सुखदेव खाली सिमेंटच्या फरशीवर आला. मी वर्गात वह्या तपासत होतो. आवाज ऐकून धावलो. तो शुद्धीवर होता. पाय सरळ होत नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता.

अकोल्याच्या दवाखान्यात त्याच्या खुब्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. पाय आखूड राहिला.

काकू त्या दिवशी दुपारीच शाळेत आल्या होत्या. फाटलेला पत्रा बाजूला काढून ठेवला होता. त्यांनी खिळ्याने एका कोपऱ्यावरचा रंग खरवडला, नाल लावली, वाचलं. मग रंग असलेल्या ठिकाणी लावून वाचलं. कोपऱ्याचा हातभर तुकडा कात्रीने कापून घेतला. मी पाच पावलांवर उभा होतो. त्यांनी वर पाहिलं नाही.

संध्याकाळी खोलीच्या दारात येऊन त्या म्हणाल्या, "तुमची मोजनी चुकली का, मास्तर?"

आता कळतं, की त्यांनी मला एक वाट काढून दिली होती. चुकली म्हटलं असतं तर त्यांनी ती चूक सांगायला माझ्याबरोबर शाळेत येऊन उभं राहायलाही कमी केलं नसतं. मी म्हणालो, "माहीत नाही." त्या वळून निघून गेल्या.

संस्थेने चौकशी बसवली. परवानगी न घेता शिपाई वर चढला, असं लिहायचं आधीच ठरलं होतं. मुख्याध्यापकांनीही तसाच जबाब दिला. चौकशीच्या दिवशी काकू न बोलावता आल्या. पत्र्याचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं, हा चौतीस आहे, मोजून घ्या. सचिव म्हणाले, तुमच्याकडून माल घेतला नाही म्हणून तुम्ही आलात, हे आम्हाला समजतं. काकूंचा चेहरा लाल झाला. पण आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "माह्यावर इश्वास ठेवू नका. तुमच्या सरनं याच नालीनं मोजलं हाये. त्यायले विचारा."

मी दाराशीच उभा होतो. मला आत बोलावलं. चौघं जण माझ्याकडे बघत होते, काकूही. मी म्हणालो, "मी मोजलं तेव्हा माप बरोबर होतं. हा तुकडा कुठला आहे ते मला सांगता येणार नाही."

काकूंनी तुकडा परत वर्तमानपत्रात गुंडाळला. धार कोणाला लागू नये म्हणून कडा दोनदा दुमडून घेतल्या, आणि तो काखेत धरून निघून गेल्या.

मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. आधीप्रमाणेच गुरुवारी भाकरी आणि ठेचा झाकून दारात ठेवत. मी ताटली धुऊन परत नेत असे, त्या ती घेत, आणि त्यापलीकडे आमच्यात शब्द होत नसे. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सुखदेवला संस्थेने कामावरून काढलं. माझी मान्यता आली. पुढच्या मे महिन्यात अमरावतीला जागा मिळाली, वलगाव जवळ पडेल म्हणून घेतली, असं मी सगळ्यांना सांगितलं. काकूंनाही तेच. त्या म्हणाल्या, बरं झालं, आई-बापाजवळ राहाल.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. सुखदेवला काकूंनी दुकानात बसवलं, एवढं कानावर आलं होतं. अकोटवरून माझी बस दोनदा गेली, मी उतरलो नाही. एकदा तर गाडी स्टँडवर वीस मिनिटं उभी होती.

काकू भेटल्या त्या अकोल्यात. बायकोच्या डोळ्यांसाठी मी तिथल्या एका दवाखान्यात गेलो होतो. बाकावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेली म्हातारी बसली होती. गळ्यात काळा गोफ नसता तर मी ओळखलं नसतं. त्यांनी मात्र मला एका डोळ्याने लगेच ओळखलं. बायकोची चौकशी केली, पोरं किती, कितवीत, घर स्लॅबचं की टिनाचं, सगळं विचारलं. मी उत्तरं देत होतो आणि मनात जुळवाजुळव करत होतो. शेवटी म्हणालो, "काकू, त्या शेडचं मला तुम्हाला काही सांगायचं होतं."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मले नका सांगू," त्या म्हणाल्या. "मी कुठं पडलो होतो? ज्याचा पाय गेला त्याले सांगा. दुकानातच असते तो, दिवसभर."

मी येतो म्हणालो. तितक्यात नर्सने त्यांचा नंबर पुकारला. त्या उठल्या, आणि आत जाताना माझ्या बायकोच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

येतो म्हणालो, आणि गेलो नाही. शाळेच्या परीक्षा होत्या. मग मुलाची दहावी होती. मग वडिलांचं आजारपण. ही कारणं खरी आहेत, पण अमरावतीहून अकोट काही इतकं दूर नाही. दोन वर्षांहून जास्त काळ मी रोज कुठेतरी जात-येत होतो, फक्त तिथे जात नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात गेलो. दुकान होतं तसंच होतं, थप्पीवरची सतरंजी तेवढी नव्हती. भिंतीवर काकूंचा फोटो होता, त्याला हार. सुखदेव काठी मांडीवर आडवी ठेवून खुर्चीत बसला होता. केस पांढरे झाले होते. त्याने पाणी दिलं, आणि गणपतीत गेल्या, म्हणाला. झोपेतच गेल्या.

मी फोटोकडे बघत बसलो. मग त्याला सगळं सांगितलं. चौतीस भरलं होतं ते, मुख्याध्यापकांच्या खोलीत काय झालं ते, चौकशीत मी काय बोललो ते. मध्ये एक गिऱ्हाईक आलं. सुखदेवने त्याला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगितलं. तो माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत ऐकत होता. मी म्हणालो, हे मी आज लिहून देतो, सहीनिशी, तुला जिथे न्यायचं तिथे ने.

"आता कुठं नेऊ सर," तो म्हणाला. "सचिव वारले. शेडही पाडलं." थोड्या वेळाने त्याने खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "लिहा पन."

मी तिथेच बसून लिहिलं. दीड पान झालं. सुखदेवने ते बोट फिरवत सावकाश वाचलं, मागचं पान उलटून परत पहिल्यापासून वाचलं. कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "चौकशी झाली त्याच आठवड्यात काकूनं दवाखान्यात येऊन सांगतलं होतं. मी लय शिव्या देल्या तुमाले. काकू म्हने, मास्तर येतीन. उशिरा येतीन, पन येतीन. मी म्हनो, नाई येत थो मानूस. दर साली आमचं याच्यावर भांडन होये."

त्याने काठी टेकवली आणि उठून उभा राहिला. बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावत होतं.

"थ्या असत्या तं आज मी हारलो असतो, सर," तो म्हणाला, आणि लंगडत गिऱ्हाइकाकडे गेला.